ॲपवर द्राक्षसल्ला विकायचा तर मिनिटाला किती घ्यावे?

प्रश्न विचारणारे मिरज तालुक्यातले आहेत. कृषी पदवीधर, सहा वर्षं शेतीच्या औषधांच्या एका कंपनीत फिल्डवर. द्राक्ष बागायतदारांचे दिवसाला वीस-पंचवीस फोन येतात, सगळे फुकट. तज्ज्ञांचा सल्ला मिनिटाच्या दराने विकणाऱ्या एका ॲपवर आता नाव नोंदवायचं त्यांच्या मनात आहे. ॲप पाचवा हिस्सा कापून घेतं. दर किती ठेवू, कमिशन परवडेल का, आणि व्हिडिओ कॉल ठेवू की नुसता फोन, असं त्यांनी विचारलंय.

मी तासगाव भागात बावीस वर्षं द्राक्षाचा सल्ला देतो. गेली पाच वर्षं त्यातला थोडा भाग ऑनलाइन, पैसे घेऊन. एका ॲपवर दोन हंगाम काढून बाहेर पडलो, दुसऱ्यावर अजून आहे. त्यामुळे सांगतो ते माझ्या अनुभवापुरतं. तुमचं पीक, तुमचा भाग, तुमचं नाव वेगळं असलं तर गणित बदलेल.

दराचा प्रश्न मला थोडा पुढचा वाटतो. आज जे वीस-पंचवीस फोन येतात, ते तुमचं ऐकून फायदा झाला म्हणून येतात की फुकट आहेत म्हणून, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. शिवाय ते फुकटही नाहीत. तुमचा पगार कंपनी देते आणि कंपनीला तो बागायतदार देतो, दुकानातल्या बाटलीच्या बिलातून. शंभर वर्षं झाली तरी आपल्याकडे सल्ल्याचे पैसे असे बाटलीत घालूनच घेतले जाणार, असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं राहिलं नाही, पण लोकांच्या मनात मुळातला हिशोब तोच आहे: औषधाचे पैसे दिले की सल्ला त्यात आला.

खरोखर फुकट सल्लाही भरपूर आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, १८००-१८०-१५५१ लावला की मराठीत बोलतात. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामान बघून बागायतदारांसाठी सल्ला काढतं, तो व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरतो. पाऊस येणार, डाऊनीचा, म्हणजे पानांवर-घडांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाचा, धोका आहे, हे सांगायला तुम्ही लागत नाही. मग तुमच्या मिनिटाला पैसे कोण देईल? ज्याला सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नको असतं, तो. त्याला त्याच्या दीड एकराचं, त्याच्या बोअरच्या पाण्याचं, त्याच्या छाटणीच्या तारखेचं उत्तर हवं असतं. असं गिऱ्हाईक आहे, आणि ते पैसे देतं. फक्त मिनिटाच्या मीटरवर त्याचं काम नीट होत नाही.

मीटरवर सल्ला घ्यायची सवय आपल्याकडे ज्योतिषाच्या ॲपनी लावली. तिथे ती चालते, कारण ज्योतिषाला माती परीक्षणाचा रिपोर्ट बघावा लागत नाही. पहिल्या हंगामात मीही मिनिटाचा दर ठेवला होता. फोन कसे यायचे सांगतो. "सायेब, पानाच्या कडा करपाय लागल्यात, फोटू टाकलाय, काय मारू सांगा लवकर, मीटर पळतंय." आता मीटर पळतंय म्हटल्यावर त्याला माझे प्रश्न म्हणजे पैसे काढायची युक्ती वाटणार. आणि मला प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्या करपलेल्या कडांचंच घ्या. फोटोत सगळ्या सारख्या दिसतात. पोटॅश कमी पडलं तरी कड जळते. पाण्यात सोडियम, क्लोराईड जास्त असलं तरी जळते. दुपारच्या उन्हात दोन औषधं एकत्र मारली तर जळते. पाण्याचा ताण बसला तरी जळते. एका दुष्काळी पट्ट्यातल्या बागायतदाराने मला असाच फोटो पाठवला होता. गावातल्या दुकानदाराने त्याला पोटॅश दिलं होतं, दोनदा सोडून झालं होतं, फरक शून्य. मी विचारलं, खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम केलंय ते मुळाकडचं झाड, कुठला? डॉगरिज. पाणी कशाचं? बोअरचं. रिपोर्ट? काढलेला नाही. जळकी पानं काडीच्या बुडाची की शेंड्याकडची? बुडाची. शेवटच्या तीन फवारण्या कुठल्या, किती दिवसांच्या अंतराने? हे सगळं त्याला बागेत जाऊन, डायरी बघून सांगावं लागलं. मी त्याला पाण्याचा आणि पान-देठाचा रिपोर्ट काढायला लावला. सोडियम भरमसाठ निघाला, पोटॅश खरंच कमी. पण ते कमी होतं कारण सोडियम त्याच्या वाटेत बसला होता. डॉगरिजवरच्या बागेला खारं पाणी मिळालं की हे होतं. नुसतं पोटॅश ओतून भागत नाही, आधी पाण्याचं आणि जमिनीचं बघावं लागतं. त्याच्या फोनची एकूण मिनिटं झाली अकरा. माझं काम झालं सव्वा तासाचं, तीन दिवसांत पसरलेलं. मीटरने मला अकरा मिनिटांचे पैसे दिले.

त्यानंतर मी मिनिट विकायचं बंद केलं. आता मी तपासणी विकतो. बागायतदाराने त्याच्याकडचा एक ठरावीक कागद पाठवायचा: माती-पाण्याचा रिपोर्ट, पान-देठाचा रिपोर्ट, किंवा दुसऱ्या कुणी लिहून दिलेलं फवारणीचं शेड्यूल. मी तो वाचून, प्रश्न विचारून, चोवीस तासांत लेखी उत्तर देतो, आणि त्यावर एकदा फोनवर बोलतो. ठरलेले पैसे, मीटर नाही. ज्या ॲपवर हे करता येतं तिथेच मी राहिलो.

यातली सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल याचा मला आधी अंदाज नव्हता. ती आहे दुसऱ्याच्या शेड्यूलवरच्या दुसऱ्या मताला. गावात एका कन्सल्टंटकडे बाग लावलेली असताना दुसऱ्याला विचारणं म्हणजे भावकीत भांडण. ऑनलाइन विचारलं तर कुणाला कळत नाही. इथे एक पथ्य पाळा. पहिल्याला नावं ठेवू नका. तो बागेत उभा राहून बघतो, तुम्ही कागदावरून बोलताय. "या दोन औषधांत अंतर कमी वाटतं, त्यांना विचारा की पाऊस झाला होता का," असं लिहा. निम्म्या वेळा त्याच्याकडे कारण असतं.

माझी एक चूक सांगतो, कारण ती ऑनलाइन कामातच झाली आणि तुमचीही होईल. पोपटी अवस्थेतली, म्हणजे कोवळे घड पोपटी रंगाचे असतानाची बाग, घड मोकळे व्हावेत म्हणून जीएची (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) पहिली फवारणी. मी फोनवर सांगितलं, "टाकीला दहा ग्रॅम." माझ्या डोक्यात हजार लिटरची टाकी. हजार लिटरला दहा ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), बरोबर. आमच्याकडच्या नेहमीच्या बागायतदारांच्या ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाक्या मला तोंडपाठ आहेत. हा माणूस अनोळखी होता, त्याची टाकी पाचशे लिटरची. वीस पीपीएम गेलं. आठ-दहा दिवसांत घड नको तितके लांबले, देठ पिळवटल्यासारखे वळले. त्याने फोटो पाठवला आणि खाली एकच वाक्य लिहिलं, "साहेब, तुम्ही सांगितलं तेवढंच मारलं." खरंच तेवढंच मारलं होतं. मी पैसे परत केले आणि एक दिवस गाडी काढून त्याच्या बागेत गेलो. घड काही सरळ झाले नाहीत, पण विरळणी कशी करायची ते तरी उभं राहून ठरवता आलं.

तेव्हापासून मी "टाकीला" हा शब्द वापरत नाही. पीपीएम लिहितो, शंभर लिटरला किती ग्रॅम ते लिहितो, आणि टाकी किती लिटरची हे विचारल्याशिवाय मात्रा सांगत नाही. तोंडी सांगितलेली मात्रा धरायची नाही, फक्त लिहून दिलेली धरायची, असं पहिल्याच निरोपात कळवतो. औषधाच्या घटकाचं नाव लिहितो, ब्रँडचं नाही. समोरासमोरच्या कामात ओळखीने जे आपोआप भरून निघतं, ते अनोळखी माणसाला प्रत्येक वेळी नव्याने विचारावं लागतं. फॉर्ममध्ये द्राक्षाची जात, खुंट, छाटणीची तारीख, आज कितवा दिवस, टाकी, पाणी, शेवटच्या तीन फवारण्या, आणि माल कुठे जाणार हे सगळं भरल्याशिवाय माझ्याकडे प्रश्न येतच नाही. माल कुठे जाणार हे महत्त्वाचं. बेदाण्याला, मार्केटला आणि एक्स्पोर्टला एकच उत्तर नसतं.

तारांकनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण त्याने तुमची झोप उडणार आहे. फोन ठेवल्या ठेवल्या ॲप गिऱ्हाईकाला तारे मागतं. द्राक्षाचा निकाल कळायला शंभर-सव्वाशे दिवस लागतात. म्हणजे तारे मिळतात ते सल्ला बरोबर होता म्हणून नाही, ऐकायला बरा वाटला म्हणून. आणि ऐकायला बरा वाटतो तो सल्ला कुठला? "हे मारा, परवा ते मारा." सगळ्यात चांगला सल्ला पुष्कळदा असतो, "आज काही मारू नका." त्याला तीन तारे पडतात. पैसे देऊन कुणी "काही करू नका" ऐकायला आलेलं नसतं.

यावर माझा उपाय असा आहे की "काही करू नका" कधी एकटं पाठवायचं नाही, त्याच्याबरोबर एक काम द्यायचं. उदाहरणार्थ, पानावर पिवळट डाग दिसतोय, डाऊनी आहे की नाही हे फोटोवरून ठरत नाही. मी सांगतो, संशयाची चार पानं तोडा, ओल्या वर्तमानपत्रात हलके गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, रात्रभर घरात ठेवा. सकाळी पानाच्या मागच्या बाजूला डागावर पांढरी बुरशी उगवली असेल तर फोटो पाठवा, औषध लिहून देतो. उगवली नसेल तर एक फवारणी वाचण्याची शक्यता आहे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत बघा. पिशवी बांधणाऱ्याला आपले पैसे वाया गेले असं वाटत नाही. सकाळी तो स्वतः बघतो. तारेही बरे पडतात, पण ते सोडा.

आता तुमच्या कमिशनबद्दल. समजा मिनिटाला १५ रुपये ठेवले आणि फोन सरासरी सहा मिनिटांचा झाला तर ९० रुपये, पाचवा हिस्सा गेला की ७२. त्याआधीचं फोटो बघणं आणि नंतरचं "सायेब, दुकानात ते नाही, हे चालेल का?" धरलं तर अर्धा तास जातो. हे परवडत नाही, कमिशन शून्य असलं तरी परवडत नाही. मी एका रिपोर्टच्या तपासणीला ६०० घेतो, कापून ४८० येतात, आणि काम पाऊण तासात आटोपतं. हा माझा दर आहे, नवीन माणसाने पहिल्या वर्षी इतका ठेवू नये.

पाचवा हिस्सा मात्र मला कधी खुपला नाही. कारण ॲप ज्या गोष्टीचे पैसे घेतं ती आपल्या भागात फार महाग आहे. ती म्हणजे पैसे मागणं. "आण्णा, माझे राहिलेत बरं का," हे वाक्य मला बावीस वर्षांत धड जमलेलं नाही. एकराच्या दराने ठरवलेली फी बेदाणा विकल्यावर मिळते, बेदाण्याचा भाव पडला तर पुढच्या वर्षी मिळते, आणि लग्न निघालं तर मिळत नाही. ॲपवर आधी पैसे, मग प्रश्न. वसुलीची ती लाज शंभरातल्या वीस रुपयांत सुटत असेल तर मी आनंदाने देतो. गिऱ्हाईक ॲपवरून आलं आणि पुढच्या वेळी थेट फोन करून कमिशन वाचवू म्हणालं तर मी नाही म्हणतो. करारात तसं लिहिलेलंच असतं, आणि थेट आलं की उधारी पुन्हा सुरू.

पण सगळी अंडी त्या टोपलीत ठेवू नका. हा धंदा मोठ्यांनाही सहज जमलेला नाही. गूगलने २००२ मध्ये पैसे देऊन उत्तर मिळवायची सोय काढली होती. विचारणारा २ ते २०० डॉलरची बोली लावायचा आणि उत्तर देणाऱ्याला त्यातला पाऊण हिस्सा मिळायचा. २००६ च्या अखेरीस नवे प्रश्न घेणं बंद झालं. पुन्हा २०१३ च्या नोव्हेंबरात त्यांनी व्हिडिओवर तज्ज्ञ गाठायचं हेल्पआउट्स सुरू केलं, ते २०१५ च्या एप्रिलमध्ये मिटवलं. ॲप बंद पडलं की तुमचे तारे, तुमचा इतिहास सगळं त्याच्याबरोबर जातं. प्रत्येक सल्ल्याची प्रत तुमच्या स्वतःच्या वहीत ठेवा, प्लॉटनिहाय, तारखेनिशी. ती वही पुढे तुम्हालाच उपयोगी पडते.

हे चालेल की नाही हे कशावर अवलंबून आहे ते सांगतो. एक तर हंगाम. आपल्याकडची फळछाटणी सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे प्रश्नांची गर्दी ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिलच्या खरड छाटणीला थोडी पुन्हा. बाकी महिने फोन वाजत नाही. नोकरी सोडून यावर पोट भरायचा विचार असेल तर हे आठ महिने मोजा. दुसरं, अवकाळी. फुलोऱ्यात रात्रीचा पाऊस झाला की पहाटे चाळीस जण एकदम विचारतात, आणि तेव्हा ॲपची वेळापत्रकं निकामी होतात. मी अशा दिवशी ॲप सरळ बंद ठेवतो आणि आधी माझ्या जुन्या बागा फिरतो. तिसरं, भाग. नाशिकहून, सोलापूरहून, विजयपूरकडून प्रश्न येतील. रिपोर्टची तपासणी मी कुठलीही करतो. पण नाशिकच्या थंडीत घडांना काय होतं ते मी स्वतः हंगामभर बघितलेलं नाही, म्हणून तिथल्या चालू बागेचं शेड्यूल मी लिहून देत नाही.

कायद्याचं आणि नोकरीचं भराभर सांगतो. नियुक्तीपत्र आधी काढून वाचा. कंपनीत असताना बाहेर सल्ला विकायची परवानगी बहुतेक ठिकाणी नसते. परवानगी मिळाली तरी ज्या कंपनीचा पगार खाता तिची औषधं फी घेऊन सुचवू नका, किंवा तसं आधी उघड सांगा. फी आणि दुकानाचं कमिशन, दोन्ही एका हातात धरलं की आज ना उद्या गावात कळतंच. द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता, नसलेलं औषध लिहून देऊ नका. एक्स्पोर्टची बाग असेल तर अनेक्श्चर पाच (निर्यातीच्या द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी) आणि काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस) बघितल्याशिवाय एक ओळ लिहू नका. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा वाढ रोखायला वर्षानुवर्षं वापरत आलेली ती गोष्ट होती. सगळे मारतात म्हणून कुणी विचार केला नव्हता. कागदावर सही तुमची असते हे त्या वर्षी आमच्या पिढीला कळलं.

कराचं एकच सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. सल्ला शेतीवरचा असला म्हणून फीचं उत्पन्न शेती उत्पन्न होत नाही, त्यावर आयकर लागतो. जीएसटीची नोंदणी सेवांना सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते, तिथवर तुम्ही पोचलात तर मला पेढे पाठवा. बाकी तुमच्या सीएला विचारा, आणि त्याची फी द्या.

व्हिडिओ कॉलचं राहिलंच. ठेवा, पण रिपोर्ट आणि फॉर्म हातात आल्यावरच, आणि दहा मिनिटांचाच. माणूस फोन घेऊन ओळीतून चालायला लागला की तुम्हाला हिरवं पाणी वाहताना दिसतं, दुसरं काही नाही. त्याला उभं करा. पानाच्या मागे तळहात धरायला सांगा, मग कॅमेऱ्याला कड दिसते. एक पान शेंड्याचं, एक मधलं, एक बुडाचं, आणि तिन्ही उलटून. घड दाखवताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरायला सांगा, नाहीतर मण्याचा आकार फोनवर कधी शेंगदाणा दिसतो तर कधी बोर. आणि कॉलची वेळ सकाळी सात ते नऊ ठेवा. तेव्हा पानं ओली असतात आणि डाऊनी असली तर मागून पांढरी दिसते. दुपारी बारानंतर मला कुणी बाग दाखवायला लागलं तर मी सरळ उद्या सकाळची वेळ देतो.